व्याधिमुक्तीनंतरचा रिकामा काळ आणि फुलीचा टाका : एक अभ्यास

प्रास्ताविक

रुग्णाची चिकित्सा करताना निदान, औषध आणि पथ्य या तिन्ही गोष्टी आपण सर्व वैद्य काटेकोरपणे पाहतो. ज्वर उतरतो, अग्नी हळूहळू प्रदीप्त होऊ लागतो, जिभेला रुची येते, आणि येथे आपले लेखन संपते. चिठ्ठीच्या तळाशी आपण ‘पंधरा दिवस पूर्ण विश्रांती’ असे लिहितो. त्या पंधरा दिवसांचे सुमारे दोनशे जागृत तास रुग्णाने कसे घालवावेत, याविषयी मात्र चिठ्ठीत एक अक्षरही नसते. व्याधी गेलेला असतो, बल आलेले नसते; या दोहोंमधील काळात मन मोकळे राहते आणि मोकळे मन स्वतःच्या शरीराकडेच टक लावून बसते.

या काळात रुग्णाच्या हाताला काही हलके, मोजके आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडणारे काम देता येईल काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. उदाहरणादाखल आम्ही क्रॉस स्टिच, म्हणजे आपल्याकडील फुलीचा टाका, आणि त्याने भरलेल्या लहान भेटवस्तू घेतल्या आहेत. या विषयाकडे आम्ही वळलो ते ग्रंथ वाचून नव्हे, तर स्वतः अंथरुणास खिळून. म्हणून प्रथम आतुरवृत्त देतो.

आतुरवृत्त

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या अखेरीस आम्हांस टायफॉइड, म्हणजे आंत्रिक ज्वर झाला. रक्तपरीक्षणाने निदान निश्चित झाले आणि स्नेही डॉक्टरांनी चौदा दिवसांची प्रतिजैविके दिली. सहाव्या दिवशी ताप पूर्ण उतरला. चिकित्सालयात गर्दी होती. आम्ही गोळ्या थांबविल्या आणि दहाव्या दिवशी खुर्चीवर जाऊन बसलो. ज्वरमुक्त मनुष्याने बल येईपर्यंत व्यायाम, व्यवाय, स्नान आणि फार हिंडणे-फिरणे वर्ज्य करावे, असे चरकाचार्यांनी ज्वरचिकित्सेच्या अध्यायात सांगितले आहे. तो उपदेश आम्ही वीस वर्षे रुग्णांना ऐकवीत आलो आहोत. स्वतःच्या बाबतीत मात्र तो आम्ही चार दिवसही पाळला नाही.

पुढच्या पंधरवड्यात ज्वर पुनः उलटला. श्रमामुळेच तो उलटला, असे आमचे म्हणणे नाही. औषधाचा क्रम अर्धवट सोडणे हे त्याचे उघड कारण होते आणि तो दोष सर्वस्वी आमचा होता. या वेळी रुग्णालयात राहावे लागले. घरी परतलो तेव्हा वजन सात किलोने घटले होते आणि जिना चढताना कठड्याचा आधार लागत होता.

शरीराच्या दौर्बल्यापेक्षा मनाची अवस्था अधिक चिंताजनक होती. दिवसातून दहा-बारा वेळा तापमापक लावावा, जीभ आरशात पाहावी, नाडीवर स्वतःचीच बोटे ठेवावीत, असा क्रम सुरू झाला. पत्नीने पेज आणून दिली की कृतज्ञतेऐवजी संकोच वाटे. चिकित्सालय आमचे कंपाउंडर एकट्याने सांभाळीत होते. जुनी औषधे चालू असलेल्यांना ती देत होते आणि नव्या रुग्णांना शेजारच्या वैद्यांकडे पाठवीत होते. त्यांच्याकडून रोज सायंकाळी हिशेब येई आणि आपण सर्वांवर भार झालो आहोत ही भावना बळावे.

एके दिवशी आमच्या मातोश्रींनी जुन्या ट्रंकेतून मॅटीचे अर्धवट भरलेले तोरण बाहेर काढले. त्यांच्या रुखवतासाठी ते घेतले होते आणि राहून गेले होते. त्यांनी मॅटीचा एक वेगळा तुकडा, बोथट सुई आणि लाल रेशमाची लडी आमच्या पुढ्यात ठेवली. आम्ही म्हणालो, “आई, हे बायकांचं काम.” त्या म्हणाल्या, “टाके घालायला शिकलास ना कॉलेजात? मग हेही टाकेच. आणि तो तापमापक दे इकडे.” कंपाउंडरांची कन्या त्या वेळी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिच्या बाळंतविड्यात ठेवण्यासाठी एक लाळेरे भरावे, असे ठरले.

शास्त्रीय आधार

ही घटना घरगुती असली तरी तिच्यामागील तत्त्व आपल्या शास्त्रास परके नाही.

१. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय असे औषधाचे तीन प्रकार सांगितले आहेत. अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह करणे हा सत्त्वावजयाचा अर्थ होय. केवळ ‘विचार करू नका’ असे सांगून हा निग्रह साधत नाही. चिंत्य, विचार्य, ऊह्य, ध्येय आणि संकल्प्य हे मनाचे विषय आहेत; एक चिंत्य काढून घ्यावयाचे तर त्याच्या जागी दुसरे द्यावे लागते. घरे मोजून फुली घालणे हे असे मर्यादित व निरुपद्रवी चिंत्य आहे.

२. सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायातील अग्र्यसंग्रहात व्याधी वाढविणाऱ्या भावांमध्ये विषादास आणि तृप्ती देणाऱ्या भावांमध्ये हर्षास अग्रस्थान दिले आहे. बलप्राप्तीच्या काळात विषादाकडे दुर्लक्ष करणे म्हणजे अपथ्याकडे दुर्लक्ष करणेच होय.

३. पंधराव्या, म्हणजे उपकल्पनीय अध्यायात आतुरालयाची सिद्धता वर्णिली आहे. तेथे औषधे, उपकरणे आणि परिचारक यांच्याबरोबरच गायन-वादन जाणणारे, श्लोक, गाथा, आख्यायिका, इतिहास व पुराणे सांगणारे लोकही जवळ असावेत, असे म्हटले आहे. रुग्णाचे रंजन हा आचार्यांच्या मते साधनसामग्रीचाच भाग होता.

४. भारतीय परंपरेत सुईकामास कलेचे स्थान आहे. वात्स्यायनाच्या कलांच्या यादीत सूचीवानकर्म आढळते. धारवाड भागातील कसूतीत गवंती, मुर्गी, नेयगे व मेंथे असे चार टाके आहेत. त्यांपैकी मेंथे म्हणजे आपली फुलीच. इरकली लुगड्यांमुळे दक्षिण महाराष्ट्रातील घरांना ही कसूती परिचित आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. कोणत्याही संहितेत भरतकाम हे ज्वरोत्तर उपक्रम म्हणून सांगितलेले नाही. आम्ही केवळ तत्त्वाचा विस्तार करीत आहोत आणि तो विस्तार आहे हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

अन्य वैद्यकातील पूर्वपीठिका

पाश्चात्त्य वैद्यकात या विचाराने विसाव्या शतकाच्या प्रारंभी निश्चित रूप घेतले. सुसान ट्रेसी या अमेरिकन परिचारिकेने रुग्णांना द्यावयाच्या हस्तकामांविषयी १९१० साली परिचारिकांसाठी स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. १९१७ साली न्यूयॉर्क राज्यात व्यवसायोपचाराच्या प्रसारासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांना रुग्णालयात भरतकाम शिकविले जाई. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलसाठी अशा १३८ सैनिकांनी मिळून वेदीचे भरजरी आच्छादन तयार केले. ते आच्छादन महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त २०१४ साली पुनः लोकांसमोर मांडण्यात आले. सुई ही केवळ स्त्रियांची, या समजुतीस एवढे उत्तर पुरेसे आहे.

आपल्या महाराष्ट्राचाही यात मानाचा वाटा आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विवाहानंतर भारतीय झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची भारतातील पहिली शाळा सुरू केली. या शास्त्राच्या अखिल भारतीय संघटनेची स्थापनाही १९५२ साली त्यांच्याच पुढाकाराने झाली. आज शहरांतून या विषयाचे पदवीधर उपलब्ध आहेत. पक्षाघात किंवा हाताच्या शस्त्रक्रियेनंतरचा रुग्ण असेल तर त्यांच्याकडे पाठविणेच योग्य.

अलीकडील संशोधनात २०१३ साली प्रसिद्ध झालेली विणकामाविषयीची एक पाहणी उल्लेखनीय आहे. तीत साडेतीन हजारांहून अधिक विणणाऱ्यांनी उत्तरे दिली. वारंवार विणणे आणि मनास शांत वाटणे यांचा संबंध त्यात दिसून आला. तथापि ही उत्तरे विणकामाची आवड असणाऱ्यांनी स्वतःच दिलेली होती. त्यावरून ‘टाक्याने रोग बरा होतो’ असा निष्कर्ष काढता येत नाही. मन स्थिर होण्यास साहाय्य, एवढाच दावा प्रामाणिक ठरेल.

पूर्वकर्म : रुग्ण, काल आणि साहित्य

रुग्ण निवडताना व्याधीपेक्षा बल पाहावे. ज्वर पूर्ण उतरून किमान सात दिवस झालेले असावेत, क्षुधा नियमित असावी आणि बसल्यावर चक्कर येत नसावी, असा आमचा परिपाठ आहे. रुचीही पाहावी. एका सेवानिवृत्त गृहस्थांना आम्ही उत्साहाने मॅटी दिली. चौथ्या दिवशी त्यांनी ती परत केली. पुढे त्यांनी अंगणातील झेंडू व तुळशीचे बी निवडून, कागदी पुड्या बांधून शेजाऱ्यांना वाटल्या आणि त्यात ते रमले. जे सात्म्य तेच हितकर.

साहित्य पुढीलप्रमाणे असावे.

(अ) कापड : समान चौकटीच्या विणीची मॅटी. एका इंचात ११ घरे असलेली मॅटी दुर्बळ दृष्टीस सोयीची. १४ घरांची मॅटी सराव झाल्यावर घ्यावी. १८ घरांची मॅटी आजारी माणसास देऊ नये.

(आ) सुई : मोठ्या नेढ्याची व बोथट टोकाची. मॅटीस छिद्रे असल्याने टोकदार सुईची गरजच नसते. रुग्णाच्या दृष्टीने हा या टाक्याचा मोठा गुण आहे.

(इ) दोरा : बाजारातील लडी साधारणतः आठ मीटरची व सहा पदरी असते. ११ घरांच्या मॅटीस तीन पदर, १४ घरांच्या मॅटीस दोन पदर घ्यावेत. एका वेळी हातभर दोरा पुरे. लांब दोऱ्याने गाठी होतात आणि दुर्बळ मनुष्य गाठीने लवकर चिडतो.

(ई) नमुना : आकाराचे गणित सोपे आहे. नमुन्यातील फुल्यांना मॅटीच्या घरांनी भागले की इंच मिळतात. २२ गुणिले २२ फुल्यांचा नमुना ११ घरांच्या मॅटीवर दोन इंचांचा होतो. तो पूर्ण भरल्यास ४८४ फुल्या होतात. आमचा स्वतःचा वेग प्रारंभी वीस मिनिटांत तीस फुल्यांचा होता, म्हणजे सुमारे सोळा बैठका. रोज दोन बैठका धरल्यास आठ दिवसांत एक लहान वस्तू पुरी होते.

प्रधानकर्म : विधी आणि मात्रा

कापड चार घडी करून मध्य शोधावा व मध्यापासून आरंभ करावा. एका ओळीत प्रथम सर्व अर्ध्या तिरक्या रेघा घालीत जावे आणि परत येताना त्यांवर उलट्या रेघा घालून फुली पूर्ण करावी. वरची रेघ सर्वत्र एकाच दिशेस पडली पाहिजे. गाठ मारू नये. दोऱ्याचे टोक मागील टाक्यांखाली दडवावे. आमच्या मातोश्री काम तपासताना आधी पाठ पाहतात. “पुढून सगळेच चांगले दिसतात,” हे त्यांचे वाक्य आम्ही आता चिकित्सालयातही वापरतो.

शोधनानंतर आपण पेया, विलेपी, यूष असा संसर्जन क्रम देतो. कर्माचाही तसाच क्रम ठेवावा.

पहिले तीन दिवस : केवळ दोरे निवडणे, पदर सोडविणे, नमुना पाहणे. दहा मिनिटे, दिवसातून दोनदा.

चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत : एकाच रंगाचे टाके, पंधरा मिनिटे, दोनदा.

दुसऱ्या आठवड्यापासून : वीस मिनिटांची बैठक, दिवसातून दोन किंवा तीन वेळा. याहून दीर्घ बैठक देऊ नये.

काम दिवसाच्या उजेडात, पाठीस आधार घेऊन, कोपराखाली उशी ठेवून करावे. मध्येच नजर उचलून दूरच्या झाडाकडे पाहावे. भोजनोत्तर लगेच वाकून बसू नये. क्षीण व कृश रुग्णांना शास्त्राने दिवास्वापाची अनुज्ञा दिली आहे. अशा रुग्णास झोप येत असेल तर सुई बाजूस ठेवून त्यास झोपू द्यावे. मलमूत्रादी वेग ‘एवढी ओळ होऊ दे’ म्हणून रोखू नयेत.

अतियोग व निषेध

येथे आमचीच चूक सांगणे आवश्यक आहे. बाळाचे बारसे जवळ आले आणि लाळेरे अर्धेच झाले होते. तेव्हा दोन रात्री आम्ही ट्यूबलाइटखाली अकरा वाजेपर्यंत बसलो. तिसऱ्या दिवशी मन्या स्तब्ध झाली, डोळ्यांची आग होऊ लागली आणि सायंकाळी तापमापकात ९९.४ अंश दिसले. ज्वर तिसऱ्यांदा उलटला, या भीतीने घरातील कोणीही त्या रात्री नीट झोपले नाही. सुदैवाने दुसऱ्या दिवशी तापमान उतरले. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या आरंभी नेत्ररोगांच्या कारणांत सूक्ष्म निरीक्षण आणि निद्रेचा विपर्यय या दोहोंची गणना केली आहे. आम्ही दोन्ही एकाच वेळी केले होते. मातोश्रींनी मॅटी ट्रंकेत ठेवून कुलूप लावले व आठ दिवस किल्ली दिली नाही.

यावरून घेण्याचा बोध असा की, रुग्णाने करावयाच्या भेटीस तिथी असू नये. बारसे, लग्न, वाढदिवस अशी मुदत लागली की उपक्रम श्रमात बदलतो.

खालील रुग्णांत विशेष सावधगिरी बाळगावी.

१. मधुमेह किंवा कुष्ठामुळे बोटांची संवेदना कमी झालेले रुग्ण : टोचलेले कळत नाही आणि व्रण वाढतो.

२. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणारे रुग्ण : बोथट सुई असली तरी कात्री जपून वापरावी.

३. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील ग्रंथी काढलेल्या स्त्रिया : त्या बाजूच्या हातास इजा व दीर्घ ताण टाळावा, हात सुजल्यास शल्यचिकित्सकांकडे पाठवावे.

४. चिकुनगुन्यानंतर बोटांचे सांधे सुजलेले रुग्ण : शोथ व वेदना शमेपर्यंत सुई देऊ नये.

५. झोप उडालेली, अन्न नकोसे झालेले, जगण्याचा वीट आल्याचे बोलणारे रुग्ण : येथे भरतकामावर विसंबणे हा प्रज्ञापराध होय, विनाविलंब मानसरोगतज्ज्ञांची मदत घ्यावी.

पश्चात्कर्म : भेट देण्यापूर्वी

आंत्रिक ज्वराचे जंतू बरे झाल्यानंतरही काही काळ मलातून जाऊ शकतात. म्हणून कामास बसण्यापूर्वी साबणाने हात धुण्याचा नियम कडकपणे पाळावा. तयार वस्तू साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावी. लाल व काळ्या दोऱ्याचा रंग सुटतो की नाही, हे आधी तुकड्यावर पाहावे.

बालकासाठी वस्तू असेल तर चरकाच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायाचे स्मरण ठेवावे. तेथे बालकाची वस्त्रे व शय्या मृदू, हलकी आणि स्वच्छ असावी, ती धुऊन, धूपन करून वापरावी, असे सांगितले आहे. खेळणी तीक्ष्ण टोकाची किंवा तोंडात जातील अशी नसावीत, हेही तेथेच आले आहे. त्यानुसार लाळेऱ्यावर मणी, टिकल्या व बटणे लावू नयेत. मॅटी खरखरीत असल्याने गळ्याशी मलमलीची पट्टी जोडावी आणि मागील बाजूस मलमलीचे अस्तर द्यावे, म्हणजे बाळाची बोटे दोऱ्यांत अडकत नाहीत.

औषधी भांडारचालकांसाठी

रुग्ण बरा होत असताना वैद्यांकडे क्वचित येतो. औषध न्यायला त्याचे नातेवाईक मात्र आपल्या दुकानी नियमित येतात. ‘दिवसभर काय करतात?’ हा एक प्रश्न आपण विचारावा. ‘नुसते पडून असतात, कोणाशी बोलत नाहीत’ असे उत्तर आले तर ते वैद्यांच्या कानी घालावे. औषधाचा क्रम मध्येच थांबविला आहे काय, हेही विचारावे. हा प्रश्न आमच्या बाबतीत कोणी विचारला असता तर दुसरा ज्वर कदाचित टळला असता. भरतकामाचे साहित्य कोणी दुकानात ठेवल्यास त्यावर रोगनाशक असा कोणताही मजकूर लावू नये. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याचे भान आपण औषधांबाबत जसे ठेवतो, तसेच येथेही ठेवावे.

उपसंहार

चतुष्पादांत परिचारकाचे गुण सांगताना आचार्यांनी अनुराग हा एक गुण मानला आहे. रुग्णाच्या बाजूने त्या अनुरागाची परतफेड कशी व्हावी, हा प्रश्न अंथरुणावर पडल्याखेरीज सहसा सुचत नाही. आजारी मनुष्य अखंड घेत असतो. अन्न, औषध, सेवा, धीर. हाताने केलेली लहानशी वस्तू देताना तो काही क्षण तरी देणारा होतो. आमच्या अनुभवात बल परत येऊ लागल्याची पहिली खूण वजनकाट्याच्या आधी येथे दिसली.

लाळेरे बारशानंतर तब्बल पाच आठवड्यांनी गेले. वरच्या कोपऱ्यातील नऊ फुल्यांची रेघ उलट्या दिशेस पडली आहे, हे आम्हांस देताना ठाऊक होते. कंपाउंडरांनी ते उलटून पाहिले आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, पाठ स्वच्छ आहे.” त्या दिवशी तापमापक कोठे ठेवला आहे, हे आम्हांस रात्रीपर्यंत आठवले नाही.

यापुढे ‘विश्रांती’ हा शब्द चिठ्ठीवर लिहिताना त्याच्यापुढे आणखी एक ओळ लिहावी : रुग्णाच्या आवडीचे हलके काम, त्याची मात्रा आणि ते कोणासाठी करावयाचे, हे तिन्ही. वैद्यबंधू-भगिनींनी आपल्या रुग्णांत हा प्रयोग विवेकाने करून पाहावा आणि यश-अपयश दोन्ही नोंदवून ठेवावे, ही नम्र विनंती.